आठव्या मुनाऱ्यावरचा शेंदूर

“कोयता तिकडं ठेवा. नाही, अजून लांब. त्या बांधापलीकडं.”

जानू येडगेंनी कमरेच्या आकडीतून कोयता काढला, वीस पावलं चालत गेले आणि बांधावर ठेवून परत आले. धुकं एवढं दाट होतं की बांधाजवळ पोचेपर्यंत ते अर्धे पुसले गेले होते.

“काठीला घुंगूर हायेत. पितळंचं हायेत,” ते म्हणाले. “त्येबी काढू?”

“पितळ चालतं. वहाणांना खिळे आहेत का?”

त्यांनी वहाणा उलट्या करून दाखवल्या. टाचेला चार-चार खिळे. माझ्याकडं एकवार बघून त्यांनी त्याही कोयत्याशेजारी नेऊन ठेवल्या आणि दवानं भिजलेल्या गवतात अनवाणी उभे राहिले. सत्तरीला टेकलेला माणूस. मला वाईट वाटलं का? नाही. मला बरं वाटलं. लोखंड जवळ असलं की होकायंत्राची सुई फिरते हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि हा माणूस न बोलावता कोयता लावून माझ्या मागंमागं का आला होता, हे मला तिथल्या तिथं कळल्यासारखं झालं होतं.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालच्या नोव्हेंबरातली. मी जयमाला बारबोले, वय तेवीस, बार्शीची. वनरक्षक म्हणून घाटमाथ्यावरच्या त्या बीटवर येऊन तीन महिने झाले होते. बार्शीत वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि मी लहानाची मोठी त्या दुकानातच झाले. डोंगर म्हणून जो काही बघितला होता तो रस्त्याच्या कामाला आणून टाकलेल्या खडीचा. पण मला कुणी फसवू शकणार नाही अशी माझी ठाम समजूत होती. पोरगी बघून फसवायला येणारेच जास्त, तेव्हा आधीपासूनच डोळे वटारून राहायचं, असा माझा खाक्या.

आमच्या साहेबांनी, म्हणजे रेंजरसाहेबांनी, हजर झाल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं होतं, “बारबोले, तुमच्या आधीचे लाड घरी का बसलेत माहीत आहे? तेवीस नंबरचा मुनारा सरकलेला होता आणि लाड म्हणत होते, जागेवरच आहे. शेवटी मी स्वतः जाऊन मोजला. सव्वाशे मीटरचा फरक! तिथल्या लांबोरांच्या घरचं ताक पिऊन पिऊन लाडांना दुसरं काय दिसणार? तुम्ही कुणाकडं पाणीसुद्धा प्यायचं नाही.”

मुनारा म्हणजे जंगलाच्या हद्दीवरचा दगडी खांब. छातीएवढा उंच, नंबर टाकलेला. डावीकडं सरकारी जंगल, उजवीकडं लोकांची मालकी. या मुनाऱ्यापासून पुढचा मुनारा किती अंशांवर आणि किती मीटरवर, हे सगळं जुन्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. दिवाळी झाली की वनरक्षकानं होकायंत्र आणि टेप घेऊन एका मुनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जायचं, खांब जागेवर आहे का बघायचं आणि त्याला चुना फासायचा. तेवीस नंबरपाशी असलेलं लांबोरांचं घर साहेबांच्या मोजणीनंतर पाडलं गेलं होतं. माणसं गुरं घेऊन खाली कुठं तरी निघून गेली होती.

माझे पहिले सहा मुनारे चार दिवसांत झाले होते. एकही दोन मीटरच्या बाहेर नव्हता. आज सातवरून आठवर जायचं होतं: बासष्ट अंश, चारशे दहा मीटर. आणि आज मी जरा फुगलेलीच होते, कारण सकाळी आमचे वनमजूर तातोबा ऑफिसातून माझ्यासाठी वॉकीटॉकी घेऊन आले होते. चांगला जाडजूड सेट, छातीवर अडकवायच्या पट्ट्यासकट. आमच्या रेंजमध्ये बाईमाणसाला मिळालेला पहिला. मी सही केली, पट्टा आवळला, जाळीवरची धूळ फुंकली आणि वडील ऐकायचे तसा कान देऊन आवाज ऐकला. खणखणीत होता. चिठ्ठीवर साहेबांची सूचना होती: अंगावरून काढायचा नाही, हाक मारली की उत्तर आलं पाहिजे.

“चला तातोबा,” मी म्हटलं. “धरा टेप.”

धुक्यात पुढचा मुनारा दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि मध्ये झाडीचा दाट पट्टा होता. अशा वेळी एकच रीत. होकायंत्राची डबी छातीशी आडवी धरायची, बासष्टचा आकडा लावायचा, सुई उत्तरेच्या खुणेवर येईपर्यंत स्वतःच सावकाश फिरायचं, आणि मग डबीवरचा बाण ज्या झाडाकडं दाखवेल ते झाड नजरेत पक्कं धरून त्याच्यापर्यंत सरळ चालत जायचं. तिथं पोचलं की पुन्हा डबी, पुन्हा सुई, पुन्हा पुढचं झाड. तातोबा टेपचं टोक घेऊन पुढं, मी मागं, आणि माझ्यामागं अनवाणी जानू येडगे.

दुसऱ्या झाडापाशी ते म्हणाले, “म्याडम, ह्ये लई उजवीकडं चाललंय.”

“तुम्हाला कसं कळलं? धुक्यात हात दिसेना झालाय.”

“पायाला कळतंय की. मुनाऱ्याकडं जायाचं तर ही जांभळ उजव्या हाताला ऱ्हायला पायजे. आपुन तिच्या पल्याडनं आलोय.”

“येडगे, सुईला कुणाची ओळखपाळख नसते. ती सांगेल तिकडं जायचं.”

तातोबांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा तोंड पुढं केलं. मला तेही खटकलं. मी मनात नोंद करून ठेवली: दोघांचं काहीतरी संगनमत आहे.

झाडीतून बाहेर पडलो तेव्हा धुकं थोडं विरळ झालं होतं. समोर नाचणीचं वावर, आणि आमच्या रेषेच्या डाव्या हाताला येडगेंचं घर. कुडाच्या भिंती, कौलं, शेजारी म्हशींचा गोठा. मी थबकलेच. डाव्या हाताला! म्हणजे जंगलात!

पडवीतून त्यांची बायको, गुणाबाई, तांब्या आणि दोन पेले घेऊन आली. “ताक घ्या बाई. थंडीचं चालून आलायसा.”

“नको. आम्ही ड्युटीवर काही घेत नाही.”

तातोबांचा हात पेल्याकडं गेला होता. मी त्यांच्याकडं बघितलं आणि तो हात टेपकडं परत आला.

चारशे दहा मीटर भरले ते एका हिरड्याच्या झाडाखाली. तिथं मुनारा नव्हता. पण दगडांचा ढीग होता, चांगला कमरेएवढा.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“वावरातलं दगड हायेत,” जानू म्हणाले. “नांगरताना लागलं की हितं आनून टाकतो.”

“कधीपासून?”

“मला मिसरूड फुटल्यापास्नं.”

“मुनारा फोडायचा आणि दगड वावरातले आहेत म्हणायचं. चांगलं आहे.”

त्यांनी घोंगडी नीट ओढून घेतली आणि डावीकडं चालायला लागले. “या, दावतो मुनारा,” एवढंच म्हणाले. मी तातोबांना टेप धरायला लावून मोजतच गेले. एकशे चाळीस मीटर. त्या एकशे चाळीस मीटरमध्ये त्यांचं घर होतं, गोठा होता आणि निम्म्याहून जास्त वावर होतं.

आठ नंबरचा मुनारा नखशिखान्त शेंदरानं माखलेला होता. वर वाळलेली झेंडूची माळ, पायथ्याशी नारळाच्या करवंट्या, एक पणती. नंबरसुद्धा शेंदराखाली चाचपून वाचावा लागला.

“खात्याच्या मुनाऱ्याचा देव केलात?”

“म्या न्हाई. माज्या बानं केला.” जानू मुनाऱ्यापाशी उकिडवे बसले. “आमी मूळचं खालच्या खोऱ्यातलं. धरणात गेलं सगळं. मग वर आलो. सायेब आला, अशीच सुई घिऊन. बानं त्येच्यासंगट ह्ये दगड वाहिलं. मुनारा झाल्याव सायेब म्हनला, ह्या खुणंच्या ह्या अंगाला तुला आता कोन हाकलायचा न्हाई. बानं तवाच्या तवा नारळ फोडला. तवापास्नं दर दिवाळीला आमी फोडतो.”

गोष्ट छान होती. मला वाटलं, किती छान रचलीय. शेंदूर फासला की कोण हात लावणार? खांब मध्यरात्री उचलून आणा नाहीतर भरदुपारी, एकदा देव झाला की त्याला तू इथं कधी आलास असं कोण विचारतंय!

“तातोबा, तुम्ही वीस वर्षं या मुनाऱ्यांना चुना लावताय. हा कुठं होता?”

तातोबा टेप गुंडाळत होते. त्यांनी वर बघितलं नाही. “सुई म्हनंल तितं, मॅडम.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“लाडसायबास्नीबी असंच इच्यारलं हुतं,” तातोबा म्हणाले. “ते बोललं. घरी बसल्यात.”

यातून खरं तर काहीतरी घ्यायला हवं होतं. मी घेतलं ते एवढंच, की याला सगळं माहीत आहे आणि नोकरीच्या भीतीनं गप्प आहे.

मी सेटचं बटण दाबलं आणि साहेबांना सांगितलं. आवाज जरा चढाच लावला होता, कारण त्या चॅनेलवर सगळ्या बीटचे लोक ऐकत असतात आणि मला ते ठाऊक होतं. आठ नंबर एकशे चाळीस मीटर सरकलेला आहे, घर, गोठा आणि शेत वनहद्दीत आहे, मूळ जागी दगडांचा ढीग सापडला आहे. ओव्हर.

“शाब्बास बारबोले!” साहेबांचा आवाज खरखरत पण स्पष्ट आला. “पंचनामा करून ठेवा. मी माणसं घेऊन तीनपर्यंत पोचतो. घर आणि गोठा आजच काढून टाकू, नाहीतर उद्या कुणाचा तरी फोन येतो. ओव्हर.”

वडिलांच्या दुकानातल्या कुठल्याही रेडिओपेक्षा हा सेट मोठ्यानं बोलत होता. घराच्या पडवीपर्यंत ते शब्द गेले असावेत. गुणाबाई थोडा वेळ खांबाला धरून उभी राहिली. मग आत गेली आणि बाहेर आली ती विळा घेऊन. मला वाटलं, आता भांडायला येणार. ती आली नाही. वावरात उतरली, वाकली आणि नाचणीची कणसं कापायला लागली. नाचणी पिकायला अजून आठ-दहा दिवस तरी हवे होते. कणसं हिरवट होती. ती कापून ओट्यात टाकत होती, भराभरा, मान वर न करता.

“आगं, ऱ्हाऊ दे की,” जानू ओरडले.

ती थांबली नाही.

मी त्यांच्या पडवीत बसले नाही. मुनाऱ्याजवळ एक सपाट खडक होता, त्याच्यावर कागद पसरून पंचनामा लिहायला घेतला. जानू समोर बसून होते. मी त्यांचं नाव, बापाचं नाव, वय विचारलं, त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “म्याडम, ती सुई बघू का मी? आमचं घर नेतीया, तर बघावी म्हनतो.”

मी विचार केला. बघू दे. मी डबी खडकावर ठेवली. “हात लावायचा नाही. तातोबा, लक्ष ठेवा यांच्यावर.”

दोनच ओळी लिहिल्या असतील, सेट खरखरला. साहेबांचं काहीतरी तुटक ऐकू आलं. रेंज मिळेना म्हणून मी उठून कड्याच्या टोकाशी गेले. किती वाजता निघताय, किती माणसं, पहार किती, असं बोलून परत आले. जानू पालथे पडून डबीत बघत होते, नाक काचेपासून वीतभर.

“म्याडम,” ते न हलता म्हणाले, “एकडाव परत तिकडं जावा.”

“कशाला?”

“जावा की. आन मग या.”

झालं! मला पाठ फिरवायला लावायची आणि डबीत काहीतरी करायचं. मी म्हटलं, “दोन्ही हात डोक्यावर ठेवा.” त्यांनी ठेवले. त्या वयाचा माणूस दगडावर पालथा पडून डोक्यावर हात ठेवतोय, हे आज आठवलं की मला कुठं तोंड लपवू असं होतं. पण तेव्हा मी तातोबांना म्हटलं, “तुम्ही डोळे डबीवर ठेवा. सुई हलली तर सांगा,” आणि वीस पावलं जाऊन परत आले.

तातोबांचा चेहरा बदललेला होता.

“काय झालं?”

ते जानूंकडं बघायला लागले. जानू उठून बसले. “सुई तुमच्याकडं बघतीया,” ते म्हणाले. “तुमी गेलासा की डोंगराकडं बघती. आलासा की वळून तुमच्याकडं.”

“काहीतरी बोलू नका.”

“म्याबी बगितलं, मॅडम,” तातोबा हळू म्हणाले.

मला संताप आला. मी जानूंच्या मुठी उघडून बघितल्या. घोंगडी झटकायला लावली. खडकाखाली हात घातला, तातोबांचे खिसे बघितले, चुन्याची बादली लांब नेऊन ठेवली. सुई जागची हलेना. मग उरलं कोण? मी माझे खिसे रिकामे केले. किल्ल्या. पेन. पट्ट्याचं बक्कल काढून पट्टा फेकला. बुटांना लोखंड असेल म्हणून बूट काढले आणि त्याच गवतात अनवाणी उभी राहिले. सुई थोडी थरथरली, पण वळली नाही.

मग मी छातीवरचा सेट काढला.

तो खडकापासून लांब नेता नेता सुई अशी सहज फिरली, की जणू एवढा वेळ तिला कुणी मानेला धरून ठेवलं होतं. मी सेट जवळ आणला. सुई त्याच्याकडं. लांब नेला. सुई उत्तरेला.

सेटला स्पीकर असतो, आणि स्पीकरला लोहचुंबक. जगात कुणाला नसेल माहीत, पण मला माहीत होतं. वडिलांच्या दुकानात फुटलेल्या स्पीकरची चुंबकं घेऊन मी मातीत सांडलेले स्क्रू गोळा करायचे, तेच माझं खेळणं. पहिले सहा मुनारे बरोबर आले होते, कारण तेव्हा सेट नव्हता. प्रशिक्षणात सेट नव्हते. आज सकाळी छातीवर चढला आणि मी डबी त्याच्यासमोर वीतभर अंतरावर धरून रानभर हिंडले. म्हाताऱ्याच्या चपलेचे खिळे तेवढे मला दिसले.

“किती वाजले?” मी विचारलं.

“दीड,” तातोबा म्हणाले.

“सातवर परत जायचं. पुन्हा चालायचं.” मी सेट हातात घेऊन उभी राहिले. तो कुठं ठेवायचा? खडकावर सोडला आणि हरवला तर नोकरी गेली. बरोबर नेता येत नव्हता. मी तो जानूंच्या पुढं धरला. “बाबा, हा धरून बसाल का इथं? मी येईपर्यंत?”

बाबा. सकाळपासून येडगे म्हणत होते मी त्यांना.

त्यांनी दोन्ही हातांनी सेट घेतला, पण लगेच नाही. आधी माझ्याकडं नीट बघितलं. “ह्यातबी कायतरी डाव न्हाई न्हवं?” त्यांनी विचारलं. “मागनं म्हनशीला, येडग्यानं सेट चोरला.”

मी म्हटलं, “नाही म्हणणार.” त्यांचा विश्वास बसला असं दिसलं नाही. पण ते सेट मांडीवर घेऊन बसले.

सातपासून पुन्हा निघालो, मी अनवाणीच. धुकं उठलं होतं, ऊन आलं होतं. तीच डबी, तेच बासष्ट अंश. पहिलं झाड सकाळच्या झाडापासून चांगलं डावीकडं निघालं. जांभूळ आमच्या उजव्या हाताला राहिली. झाडीतून बाहेर आलो तेव्हा येडगेंचं घर उजव्या हाताला होतं, आणि बाणाच्या बरोबर समोर, उन्हात, शेंदरी ठिपका. टेप भरला तिथून मुनारा दीड मीटरवर होता.

जानू उठून उभे राहिले. “सायेब बोलत हुता ह्यातनं,” ते सेट परत देत म्हणाले. “म्या सांगितलं, म्याडम सुईमागं गेल्यात, तुमचं काय काम हाय?”

“मग?”

“मग लईच वरडला.”

साहेब पावणेतीनला आले. बरोबर आठ माणसं, खांद्यावर पहारी. चढानं लाल झालेलं तोंड, आणि छातीवर माझ्यासारखाच सेट. मी पुढं होऊन सलाम केला आणि एका दमात सांगून टाकलं: माझी सकाळची मोजणी चुकीची होती, मुनारा जागेवर आहे, पंचनामा मी फाडला आहे.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग जानूंकडं, मग पडवीतल्या तांब्याकडं.

“ताक प्यायलात?”

“नाही साहेब.”

“मग तूप?” माणसं हसली. “सकाळी एकशे चाळीस मीटर. सगळ्या रेंजनं ऐकलं. दुपारी दीड मीटर. मधल्या वेळात काय घडलं, बारबोले? आणि माझ्याशी सेटवर हा माणूस का बोलत होता?”

मी अशीच बघत होते सकाळपासून त्या म्हाताऱ्याकडं. अगदी याच नजरेनं. मी माझा सेट लांब ठेवला, डबी खडकावर ठेवली आणि म्हटलं, “साहेब, जरा लांबून सुईकडं बघा. आणि मग बघत बघत जवळ या.”

“मला शिकवताय?”

“एकदाच या साहेब.”

ते आले. अगदी वाकेपर्यंत सुई जागेवर होती. वाकले तशी ती वळली. साहेब मागं झाले, ती परत गेली. पुन्हा पुढं झाले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “आता अंगावरचा सेट काढून पलीकडं ठेवा.” हे मी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला ओळखीचा वाटला. सकाळी मी कोयता ठेवायला सांगितलं होतं तोच.

साहेबांनी सेट काढून एका माणसाच्या हातात दिला. मग कितीही वाकले तरी सुई हलली नाही. ते तसेच वाकून राहिले.

तेव्हा तातोबा बोलले. वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला प्रश्न विचारण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

“साहेब, तेवीस नंबर मोजला, तवा तुमचा सेट कुठं हुता?”

साहेबांचा हात नुसता वर आला आणि छातीवर, जिथं सेट असायचा तिथं, जाऊन थांबला. मग त्यांनी माणसांना खूण केली आणि ते उतरायला लागले. सेट परत मागायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकट्या तातोबांना घेऊन तेवीस नंबरवर गेले. मुनारा जागेवरच होता. लांबोरांच्या घराच्या जागी चुलीचे तीन दगड तेवढे राहिले होते. साहेबांनी स्वतःच्या चुकीचा अहवाल स्वतःच्या हातानं लिहिला, हे त्यांच्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढं त्यांना तो फार महागात पडला. लाड वर्षभरानं कामावर परत आले. लांबोर कुठं गेले ते शोधूनही कळलं नाही. आता मी स्वतः नव्या पोरापोरींना होकायंत्र शिकवते आणि पहिल्या दिवशी आधी त्यांचे सेट काढून घेते. ते हसतात. हसू देत.

पण त्या दिवशीचं अजून एक राहिलं.

साहेब आणि माणसं उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की वावरात गुणाबाई अजून कापतेच आहे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी धावत गेले. अर्ध्याहून जास्त वावर कापून झालं होतं आणि हिरव्या कणसांचा ढीग घोंगड्यावर पडला होता. त्यातलं काहीच कामाला येणार नव्हतं.

“मावशी, थांबा. घर राहिलं. चूक माझी होती. काही कापू नका आता.”

ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवून आधी घराकडं बघितलं, मग कापलेल्या ढिगाकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. काही तरी बोलायचं म्हणून, आणि सकाळपासून घसा सुकून गेला होता म्हणून, मी म्हटलं, “मावशी, ते सकाळचं ताक आहे का अजून? मी घेईन आता.”

तिनं मान हलवली.

“नगं बाई,” ती म्हणाली. “आज तुमी प्यालासा, तर उद्या म्हंतील, ताकानं बाईचं मन फिरलं. पुन्ना सुई घिऊन येतील. म्होरल्या साली या. मोजून झाल्याव घ्या.”

आणि ती वाकून, खाली सांडलेली कणसं एकेक करून वेचायला लागली. मी बूट हातात घेऊन तशीच अनवाणी डोंगर उतरले.